लॉगिन कुणाचं? शाळेच्या लॅबमधून पासवर्डचा इतिहास

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित प्रत. बोलताना मी 'म्हणजे' फार वेळा म्हणतो, ते थोडे गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय तुम्ही रोज करता, पण त्याचा विचार कधीच करत नाही असा आहे. लॉगिन. आणि आजची गोष्ट सुरू होते पोहरादेवीत.

बारा कॉम्प्युटर, एकच 'स्टुडंट'

पोहरादेवी म्हणजे वाशिम जिल्हा, मानोरा तालुका. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच आहे, म्हणून बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीला इथे देशभरातून माणसं येतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा टीव्हीवर हे नाव पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकलं असेल. मी याच भागातला. बीटेक करून पुण्यात नोकरीला लागलो, पण सुट्टीत घरी आलो की जवळच्या एका शाळेच्या लॅबमध्ये हात घाण करतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती शाळेची नाही, माझी आहे.

लॅब कशी, तर आपल्याकडे असते तशी. कुठल्यातरी योजनेतून आलेले विंडोजचे डेस्कटॉप, त्यातल्या काहींवर लायसन्स नाही म्हणून नंतर टाकलेलं उबंटू, आणि दान आलेले दोन लॅपटॉप. सगळे मिळून बारा. सगळ्यांवर एकच अकाउंट, 'स्टुडंट', आणि पासवर्ड फळ्यावर लिहिलेला. पोरं आपापली फाइल 'डेस्कटॉप'वर ठेवायची. आज सात नंबरच्या यंत्रावर बसलेली पोरगी उद्या तीन नंबरवर बसली की तिचं काम सात नंबरवरच. त्या जागी बसलेल्या पोराने ते उडवलं तर विचारणार कुणाला? उडवलं 'स्टुडंट'ने. सगळेच 'स्टुडंट'!

म्हणून मी ठरवलं, प्रत्येक पोराला स्वतःचं लॉगिन द्यायचं. कुठल्याही यंत्रावर बसा, विंडोज असो की उबंटू, नाव-पासवर्ड तोच आणि फाइलही तीच. याला म्हणतात केंद्रीय ऑथेंटिकेशन. हे करताना लक्षात आलं, की मला ज्या ज्या अडचणी आल्या त्या प्रत्येकीला कुणीतरी आधीच तोंड दिलंय, आणि तेही बहुतेक वेळा शाळा-कॉलेजातच. तर चला, मागे जाऊ.

पहिला पासवर्ड आणि पहिली चोरी

1961. अमेरिकेतली एमआयटी. तेव्हा कॉम्प्युटर एक आणि वापरणारे अनेक. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या टीमने सीटीएसएस नावाची सिस्टिम त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पहिल्यांदा चालवून दाखवली. एकाच यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करणार, म्हणजे प्रत्येकाच्या फाइल वेगळ्या ठेवायला हव्यात, प्रत्येकाने किती वेळ वापरला ते मोजायला हवं. त्यासाठी त्यांनी पासवर्ड आणला. सध्याच्या कॉम्प्युटर पासवर्डची गोष्ट बहुतेक जण इथूनच सुरू करतात.

आता गंमत बघा. तिथे ॲलन शेर नावाचा संशोधक विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि त्याच्या प्रबंधाला ते पुरत नव्हते. 1962 मध्ये त्याने काय केलं? पंचकार्डावर विनंती लिहिली, की अमुक फाइल छापून द्या. ती फाइल होती सगळ्यांच्या पासवर्डची. शनिवारी सकाळी कागद तयार! हे त्याने कबूल केलं जवळपास पंचवीस वर्षांनी.

त्याच दशकाच्या मध्यात तर याहून भारी झालं. दोन जण एकाच वेळी एडिटर वापरत होते. एक जण लॉगिन झाल्यावर दिसणारा रोजचा संदेश बदलत होता, दुसरा पासवर्डची फाइल. दोघांच्या तात्पुरत्या फाइलचं नाव एकच निघालं आणि अदलाबदल झाली. मग जो लॉगिन करील त्याच्या समोर सगळ्यांचे पासवर्ड! आमच्या फळ्यावरच्या पासवर्डला मी उगाच हसत होतो.

धडा काय? पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवायचाच नाही. इंग्लंडात केंब्रिजमध्ये रॉजर नीडम यांनी 1960 च्या दशकातच युक्ती काढली होती, की पासवर्डऐवजी त्याचं एकेरी रूपांतर साठवायचं. ज्वारीचं पीठ होतं, पिठाची ज्वारी होत नाही, तसं. तुम्ही पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळायचा आणि पीठ जुळतं का ते बघायचं. युनिक्सवाल्यांनी त्यात आणखी भर घातली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांच्या 1979 च्या प्रसिद्ध लेखात 'सॉल्ट' आहे, म्हणजे दळताना प्रत्येकाच्या पिठात वेगळी चिमूट टाकायची. दोघांचा पासवर्ड एक असला तरी पीठ वेगळं दिसतं.

त्याच लेखात त्यांनी 3,289 पासवर्ड तपासले. 15 पासवर्ड फक्त एका अक्षराचे, 72 दोन अक्षरांचे, 464 तीन अक्षरांचे. असे सहज सापडणारे एकूण किती? 86 टक्के. आणि हे लोक कॉम्प्युटरवर काम करणारे होते बरं का, सातवीतली पोरं नव्हे.

यंत्रं वाढली, वह्या वाढल्या

1980 च्या दशकात चित्र उलटं झालं. आधी एक यंत्र अन् अनेक माणसं होती, आता यंत्रंही अनेक झाली. प्रत्येक यंत्रात स्वतःची पासवर्ड फाइल. माणूस नवीन आला की पन्नास यंत्रांवर नाव टाका, गेला की पन्नास ठिकाणी काढा. बारा यंत्रांवर चाळीस पोरं म्हणजे 480 अकाउंट. मी एकदा हातानं करायला बसलो होतो, तिसऱ्या यंत्रावरच सोडून दिलं.

सन मायक्रोसिस्टिम्सने 1985 मध्ये यावर तोडगा आणला. यादी एकाच सर्व्हरवर, बाकीची यंत्रं त्याला विचारतात. नाव ठेवलं 'यलो पेजेस'. पण ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून बदलून एनआयएस केलं. तरी त्यातल्या कमांड आजही 'वायपी'नेच सुरू होतात. नाव बदललं तरी जुनी हाक सुटत नाही, आपल्याकडच्या गावांसारखंच.

सोय झाली, पण भोकही मोठं होतं. नेटवर्कवरचं कुठलंही यंत्र सर्व्हरकडे सगळी यादी मागू शकायचं, आणि ती पिठासकट मिळायची. घरी नेऊन निवांत अंदाज बांधत बसा.

खरी शाळा, खरं मिश्र नेटवर्क

आता आपल्या विषयाचं मूळ. 1983 च्या मे महिन्यात एमआयटीने 'प्रोजेक्ट अथीना' सुरू केला. विद्यार्थी कॅम्पसमध्ये कुठल्याही वर्कस्टेशनवर बसला तरी त्याला त्याच्याच फाइल मिळाल्या पाहिजेत, ही कल्पना. पैसा आणि यंत्रं दोन कंपन्यांची, डेक आणि आयबीएम. त्या काळी या दोघांची यंत्रं एकमेकांशी धड बोलायची नाहीत. म्हणजे आमच्या लॅबसारखाच प्रकार, फक्त श्रीमंत.

तिथल्या लोकांनी एक कटू गोष्ट आधीच मान्य केली. विद्यार्थ्याच्या समोरच्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही आणि वायरवरही नाही. पोरं हुशार आहेत, तारेतून जाणारा पासवर्ड ती ऐकणारच. मग पासवर्ड तारेतून पाठवायचाच नाही! हे जमवणाऱ्या व्यवस्थेचं नाव करबेरॉस, ग्रीक पुराणातला तीन तोंडांचा राखणदार कुत्रा. त्यामागे नीडम आणि श्रोडर यांची 1978 ची पद्धत होती. हो, हे तेच पिठवाले नीडम.

हे चालतं कसं, ते समजवायला मी पोरांना बंजाऱ्यांचीच गोष्ट सांगतो. आपले पूर्वज लमाण, हजारो बैलांवर धान्य आणि मीठ वाहायचे. मुघल फौज दक्षिणेत उतरली तेव्हा तिला धान्य पुरवलं तेही तांड्यांनीच. शाहजहानच्या काळात, 1630 च्या सुमारास, वजीर आसफ खानाने जंगी-भंगी नाईकांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला अशी परंपरा आहे. कंबरलेज नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने ती एकोणिसाव्या शतकात आपल्या शेजारच्या वणी भागात नोंदवून ठेवली. ताम्रपटात काय होतं? तांडा कुठेही गेला तरी त्याला पाणी घेता येईल आणि बैलांसाठी घरांच्या छपराचं गवतही घेता येईल, अशी मुभा.

आता विचार करा. गावचा पाटील नाईकाला ओळखत नाही. दिल्लीला विचारायला जायला महिना लागेल. पण तो ताम्रपट ओळखतो. करबेरॉसचं 'तिकीट' म्हणजे हेच. तुम्ही सकाळी लॉगिन करता तेव्हा तुमचं यंत्र मुख्य सर्व्हरकडे तिकीट मागतं. उत्तर येतं ते कुलूपबंद, आणि त्याची किल्ली तयार होते तुमच्या पासवर्डमधून. पासवर्ड बरोबर असेल तरच तुमच्या यंत्रावर ते उघडतं. पासवर्ड स्वतः कुठे जातच नाही. मग दिवसभर फाइल सर्व्हरकडे जा, प्रिंटरकडे जा, तिकीट दाखवा. फरक एवढाच, की ताम्रपट पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि हे तिकीट काही तासांत संपतं. चोरीला गेलं तरी चोराच्या हाती फक्त आजचा दिवस.

1988 मध्ये बिल ब्रायंट यांनी हे समजवायला चार प्रवेशांचं छोटं नाटक लिहिलं. त्यात दोन पात्रं वाद घालत घालत ही व्यवस्था शोधून काढतात. सॉफ्टवेअरच्या लोकांनी नाटक लिहिलं म्हणजे विषय किती किचकट असेल बघा.

माझी पहिली फजिती: चाळीस रुपयांची

करबेरॉसची एक अट आहे. सगळ्यांची घड्याळं जुळली पाहिजेत. साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, कारण कालचं तिकीट आज कुणी पुन्हा वापरू नये म्हणून प्रत्येक मागणीवर वेळेचा शिक्का असतो.

एमआयटीत ठीक आहे. आमच्याकडे लाइट जाते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा गोल सेल मेलेला, म्हणून लाइट आली की यंत्राचं घड्याळ थेट काही वर्षं मागे! इंटरनेटही नाही, त्यामुळे वेळ आपोआप दुरुस्त होत नाही. चार उबंटू यंत्रांवर पोरं पासवर्ड टाकत होती आणि यंत्र म्हणत होतं, चूक. मी दोन तास कॉन्फिगरेशन फाइल वाचत बसलो. शेवटी एका पोराने कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं, "दादा, तारीख पहा नं!"

चाळीसेक रुपयांचे सेल टाकले, आणि सगळ्या यंत्रांना सांगितलं, की वेळ बाहेरून नको, आपल्या सर्व्हरला विचारा. झालं.

विंडोज आणि लिनक्सची सोयरीक

ओळख पटवणं एक आणि माहितीची वही दुसरी. ती वही म्हणजे डिरेक्टरी. 1988 मध्ये टेलिकॉमवाल्यांनी एक्स.500 नावाचं भलंमोठं मानक काढलं. साध्या पीसीला ते झेपेना. मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी त्याचं हलकं रूप केलं, एलडॅप, 1993. पुन्हा बघा, विद्यापीठ.

मायक्रोसॉफ्टने 1993 मध्ये विंडोज एनटीसोबत स्वतःचं 'डोमेन' आणलं, आणि 2000 साली ॲक्टिव्ह डिरेक्टरी. तिच्या पोटात काय होतं? एलडॅप आणि करबेरॉसच, वर कंपनीचं स्वतःचं काही. त्या 'काही'मुळे दुसऱ्या सिस्टिमना आत शिरणं अवघड झालं.

ही भिंत कुणी फोडली? ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने. 1991-92 च्या सुमारास त्याला आपल्या डॉस पीसीवरून विद्यापीठाच्या सर्व्हरवरच्या फाइल हव्या होत्या. त्याने तारेतून जाणारा संवाद ऐकला आणि तसंच बोलणारा प्रोग्राम लिहिला. आधीचं नाव दुसऱ्या कंपनीचं निघालं, तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाइलमध्ये एस, एम आणि बी ही अक्षरं या क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात मिळाला 'सांबा'.

मग कोर्टकचेरी झाली. 2004 मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला जवळपास 50 कोटी युरोचा दंड केला आणि सर्व्हरची भाषा खुली करायला सांगितलं. सप्टेंबर 2007 मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. डिसेंबरात सांबाच्या लोकांना 10,000 युरो भरून कागदपत्रं मिळाली, आणि 11 डिसेंबर 2012 ला सांबा 4 आलं, स्वतःच ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा सर्व्हर होऊ शकणारं. ब्रुसेल्समधल्या त्या भांडणामुळे आज आमच्या लॅबमधला एक जुना डेस्कटॉप फुकटात सगळ्या यंत्रांचा मुख्य सर्व्हर आहे. विंडोजची यंत्रं त्याला सामील झाली, उबंटूची झाली. दान आलेले दोन लॅपटॉप राहिले, कारण त्यांत विंडोजची होम आवृत्ती आहे आणि ती डोमेनमध्ये येतच नाही.

पासवर्डच नको, असंही कुणी म्हटलंय का? म्हटलंय, आणि प्रयोग महाराष्ट्रात झाला. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट इथे 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांच्या सुरक्षा आराखड्यात स्पष्ट होतं, की वापरणारी पोरं लहान आहेत, तेव्हा सुरक्षा पासवर्डवर टेकवू नका. सुंदर विचार! पण तिथे एका पोराला एक लॅपटॉप होता. आमच्याकडे चाळीस पोरं, बारा यंत्रं.

आणि आता माझी चूक

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मला हुशारी सुचली. यादी स्वच्छ ठेवायची म्हणून एक स्क्रिप्ट लिहिली. हजेरीत बरेच दिवस नाव नाही, तर अकाउंट डिलीट.

इथले लोक ओळखले असतील. दिवाळीनंतर तांड्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. पोरंही जातात. उन्हं तापायला लागली, रामनवमी जवळ आली की परततात. माझी स्क्रिप्ट हे जाणत नव्हती. मी जाणत होतो, आणि तरी लिहिली.

सातवीतली एक पोरगी परत आली. तिने जाण्याआधी आजीकडून ऐकलेल्या गोष्टी टाइप केल्या होत्या, गोरबोलीत. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, आपण ती देवनागरीत लिहितो, आणि लिहिलेलं फार थोडं आहे. लॉगिन होईना. सरांनी तिचं अकाउंट पुन्हा तयार केलं. तेच नाव, तेच स्पेलिंग. लॉगिन झालं. पण फोल्डर उघडेना, परवानगी नाही.

कारण सांगतो. सिस्टिम तुम्हाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक अकाउंटला तयार होताना एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो, आणि फाइलवर मालक म्हणून तोच लिहिला जातो. अकाउंट पुसलं की तो क्रमांक कायमचा गेला. त्याच नावाने दुसरं केलं तरी सिस्टिमच्या लेखी ती वेगळीच व्यक्ती. फाइल होत्या, मालक नव्हता.

सरांनी फोनवर मला हे सांगितलं तेव्हा ती मागून विचारत होती, "पण मी तर तीच आहे नं?"

फोल्डर मी पुण्यातून बसून तिच्या नावावर करून दिलं. प्रशासकाला ते करता येतं. दहा मिनिटांचं काम. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कारण हा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाही. 1871 च्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मानेच एका यादीत टाकली. तो कायदा रद्द झाला 1952 मध्ये. आजही बंजारा माणूस महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. माणूस तोच, डिरेक्टरी तीन.

पुढच्या सुट्टीत शाळेत गेलो तेव्हा सरांनी मला कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढून दाखवलं. जुनं, कडा झिजलेली. म्हणाले, "यात कुणाचं नाव खोडलेलं दिसतं का बघ." नव्हतं. पोरगा शाळा सोडून गेला की शेरा लिहितात, तारीख लिहितात. नाव आणि क्रमांक तसाच राहतो, तो नंबर दुसऱ्याला देत नाहीत. तीस वर्षांनी कुणी दाखला मागायला आला तर सापडला पाहिजे म्हणून. स्थलांतरित पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड देतात तेही असंच, दुसऱ्या गावच्या शाळेने ते बघून पोराला बसवून घ्यायचं. तिकीटच की!

स्क्रिप्ट मी काढून टाकली. आता पोरगं गेलं की अकाउंट फक्त बंद होतं, पुसलं जात नाही. आणि लॉगिनचं नाव? रजिस्टरमधला नंबर. उन्हाळ्यात ती परतली की सर एक खूण काढतात, आणि तिचं सगळं जिथल्या तिथे.

त्या पोरीच्या फाइलमध्ये आता सहा गोष्टी झाल्यात. सातवी अर्धवट आहे, आजीला शेवट आठवत नाहीये.

तुमच्या शाळेत लॅब असेल तर एकदा विचारून बघा, तिथे सगळे अजून 'स्टुडंट'च आहेत का. पुढच्या भागात भेटू. तोवर तुमचा पासवर्ड एका अक्षराचा असेल, तर बदलून घ्या बापा!